लहान मुलीला लहान मिलिपीड, ही माझी पहिली चूक

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला, तिच्या मुलाला मिलिपीड पाळायचाय, हातात घेता येईल असा कुठला घेऊ सांग. मी उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की शेवटी म्हटलं राहू दे, ब्लॉगवरच लिहिते, तिलाही वाचता येईल आणि अजून कोणाला हवं असेल तर त्यांनाही.

आधी हे सांगते की मिलिपीड म्हणजे आपली वाणी. कुठे पैसा पण म्हणतात कारण हात लावला की गोल गुंडाळी होऊन नाण्यासारखी पडून राहते. माझं माहेर अमरावतीकडचं, पावसाळा लागला की ओसरीवर, न्हाणीत, जळतणाच्या ढिगाखाली सगळीकडे वाण्या, आम्ही भावंडं काडीने हळूच टोकायचो आणि "पैसा झाला, पैसा झाला" म्हणून ओरडायचो. आणि गोम वेगळी हं, तो गोंधळ खूप जण करतात. गोम चपटी असते, सुसाट पळते आणि चावते, तिच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी. वाणी गोल, संथ, बहुतेक कड्यांना दोन दोन जोड्या, आणि चावायचा प्रश्नच नाही, तिचं तोंड कुजलेला पाला कुरतडायला बनलेलं आहे. माझ्या सासूबाईंना हे समजावायला मला दोन फोन लागले.

आम्ही इंग्लंडमधे रेडिंगला राहतो. नवऱ्याला दमा आहे आणि केसाळ प्राण्याचा त्रास होतो, त्यामुळे मांजर नाही, कुत्रा नाही, ससा पण नाही. लेक नऊ वर्षांची, तिला काहीतरी हवं होतं जे हातात घेता येईल. शाळेतून काडी किडे (काडीसारखे दिसणारे किडे, स्टिक इन्सेक्ट) आणले होते एका उन्हाळ्यात, ते छान होते पण ती म्हणायची आई ते हातावर असतात तरी नसल्यासारखेच वाटतात. मग लायब्ररीतल्या एका कार्यक्रमात एका बाईंनी तिच्या तळहातावर एक जाडजूड काळा मिलिपीड ठेवला आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

आता चूक. मला वाटलं पोर लहान, हात लहान, तर मिलिपीड पण लहान घ्यावा. अगदी सरळ हिशोब होता डोक्यात. ऑनलाइन बघून बंबलबी नावाचे चार मागवले, पिवळे काळे पट्टे, दिसायला फारच गोड, मूळचे कॅरिबियन बेटांवरचे, बोटभर लांबीचे आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. डबा उघडला, लेकीने एक उचलला, तो गुंडाळला, तिने घाबरून जरा घट्ट धरला, आणि अर्ध्या मिनिटात तिची तीन बोटं पिवळी झाली. मग तपकिरी. साबणाने धुतली तरी रंग गेला नाही, पुढचे आठ नऊ दिवस ती शाळेत बोटं लपवत होती. दुखलं नाही, फक्त किंचित चुणचुणलं, पण तिचा विश्वास उडाला आणि तो परत यायला बराच वेळ लागला. विकणाऱ्याने यातलं काहीही सांगितलं नव्हतं, पण खरं तर मी विचारलंच नव्हतं, मी फक्त फोटो बघितले होते.

तर तो रंग काय असतो ते नीट सांगते कारण सगळ्या निवडीच्या मुळाशी हेच आहे. मिलिपीड पळू शकत नाही, चावत नाही, नांगी नाही. त्याच्याकडे दोनच उपाय, एक गुंडाळी करणं आणि दुसरं अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक छिद्रांतून एक द्रव सोडणं. आपण पाळतो त्या गोल लांबट जातींमधे त्या द्रवात बेंझोक्विनोन जातीची रसायनं असतात, तीच कातडीला डाग पाडतात. चपट्या पाठीचे जे मिलिपीड असतात त्यातले बरेच जण चक्क हायड्रोजन सायनाइड सोडतात आणि त्याला कडू बदामासारखा वास येतो, ते हातात घेण्याच्या यादीतच नकोत. क्विनोनवाला द्रव कातडीवर बहुतेकांना फार काही करत नाही पण डोळ्यात गेला तर खरंच इजा होते, म्हणून लहान मुलाला मिलिपीड देताना पहिला नियम हा की चेहऱ्याजवळ न्यायचा नाही, डोळे चोळायचे नाहीत, आणि खाली ठेवल्याबरोबर साबणाने हात धुवायचे. यात मी सवलत देत नाही, घरी पाहुण्यांची पोरं आली तरी नाही.

(व्हेनेझुएलात कॅपुचिन माकडं असेच क्विनोनवाले मिलिपीड धरून अंगाला चोळतात, डास जवळ येऊ नयेत म्हणून. लेकीला हे कळल्यावर तिची भीती निम्मी कमी झाली, जे माकडाला औषध ते आपल्याला विष कसं असं काहीतरी तिचं लॉजिक होतं.)

आता मुद्दा असा की द्रव सगळेच सोडू शकतात, पण किती पटकन सोडतात यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आणि मला जे उशिरा कळलं ते हे, की मोठा मिलिपीड हाताळायला लहानापेक्षा सोपा असतो. लहानाला तुमचं बोट म्हणजे चोच, कोणीतरी खायला आलंय असंच त्याला वाटणार, आणि त्याला न दाबता धरणं पोराला जमतच नाही कारण तो चिमटीत धरण्याच्याच मापाचा असतो. मोठा असेल तर चिमटीत मावतच नाही, आपोआप तळहात पसरावा लागतो, आणि पसरलेला तळहात म्हणजे त्याच्यासाठी एक फांदी. तो चालायला लागतो आणि विषय संपतो. शिवाय त्याचं वजन हाताला जाणवतं त्यामुळे मूल पण सावकाश होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, जी मुलगी बंबलबीला धरून थरथरत होती तीच वीतभर लांबीचा प्राणी हातावर घेऊन श्वास रोखून शांत बसली.

हे कळलं ते केम्प्टन पार्कला. लंडनच्या पश्चिमेला रेसकोर्स आहे तिथे ऑक्टोबरमधे अॅमॅच्युअर एंटोमॉलॉजिस्ट्स सोसायटीचं (हौशी कीटक अभ्यासकांची संस्था) वार्षिक प्रदर्शन भरतं, टेबलांच्या रांगाच रांगा, फुलपाखरांचे कोष, काडी किडे, भुंगे, टॅरंटुला, जुनी पुस्तकं, आणि बसलेली माणसं अशी की एक प्रश्न विचारला तर वीस मिनिटं उत्तर देतील आणि तुम्ही काही घेतलं नाही तरी रागावणार नाहीत. मी त्या दिवशी ठरवूनच गेले होते की काहीही विकत न घेता आधी हातात घ्यायचं. कोणी हातात द्यायला नाही म्हणालं तर तिथून घ्यायचंच नाही.

पहिला हातात आला तो ऑलिव्ह, पश्चिम आफ्रिकेतला, शास्त्रीय नाव टेलोडिनोपस आओटी. तपकिरी पिवळसर, अंगावर गडद कडी, लांबी माझ्या वितीच्या आसपास. हा प्राणी सुंदर आहे आणि यातले बरेच इथेच पैदास झालेले असतात ही फार मोठी गोष्ट, पण याला थांबणं माहीत नाही. हातावर ठेवला की सुटलाच, मनगट, कोपर, दंड, तो खांद्यावर पोचेपर्यंत मी दुसरा हात पुढे करत होते. ज्याला असं खेळकर आवडतं त्याच्यासाठी उत्तम, मोठ्या माणसाला काहीच अडचण नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र तो मानेकडे निघाल्यावर किंचाळी फुटली, आणि किंचाळी म्हणजे हात झटकला जाणार.

दुसरा फ्लोरिडा आयव्हरी. अमेरिकेतला, साधारण दहा सेंटीमीटर, फिकट हस्तिदंती रंगावर काळसर रेघा. हा खूप गरीब स्वभावाचा वाटला, गुंडाळला पण लगेच उलगडला, द्रव वगैरे काही नाही. खोटं कशाला बोलू, मैत्रिणीच्या मुलासाठी जागा कमी असेल तर मी हाच सांगेन. पण लेकीला ते वजन हवं होतं हातावर, लायब्ररीत मिळालं होतं तसं.

तिसरा म्हणजे ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं तो, आफ्रिकन जायंट ब्लॅक, आर्किस्पायरोस्ट्रेप्टस जायगस. पूर्व आफ्रिकेतल्या सखल जंगलांतला, मोझांबिकपासून केनियापर्यंत. जगातल्या सगळ्यात मोठ्या मिलिपीडपैकी एक, ३३ सेंटीमीटरच्या वर गेलेले नोंदवलेत, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा लांब. पाय साधारण अडीचशे. मिलिपीड म्हणजे हजार पायांचा, पण खरोखर हजारच्या वर पाय असलेला एकच प्रकार माहीत आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली ६० मीटरवर सापडलेला, २०२१ मधे जाहीर झाला, त्याला १,३०६ पाय. तो दोऱ्यासारखा बारीक आहे, हातात घेण्यासारखा नाही.

त्या टेबलावर दोन जायंट ब्लॅक होते. एक चकचकीत, जरा लांब, दुसरी थोडी आखूड आणि जाड, पाठीवर ओरखडे. मी साहजिकच चकचकीत बघत होते. बसलेल्या आजोबांनी (सत्तरी पार असतील) दोन्ही एकेक करून लेकीसमोर ठेवले आणि म्हणाले, कोण लवकर उलगडतं ते मोज. चकचकीत तीन मिनिटं झाली तरी गुंडाळलेलाच. ओरखडेवालीने जेमतेम पाच सेकंद घेतले, तोंड बाहेर, दोन शिंगं (म्हणजे स्पर्शिका) टक टक करत तळहात तपासला, आणि चालायला लागली. बस, निवड झाली होती. पुस्तकात जात वाचता येते पण स्वभाव त्या एकेका प्राण्याचा असतो आणि तो टेबलावरच कळतो, म्हणून मी आता कोणालाही सांगते की मोठा मिलिपीड कुरियरने मागवू नका, जाऊन हातात घेऊन बघा.

अजून एक कारण होतं तिला घेण्याचं. हे जायंट ब्लॅक बरेचसे जंगलातून पकडून आणलेले असतात, वय किती ते कोणालाच माहीत नसतं, आणि मला ते पटत नाही, कुठल्यातरी जंगलातून एक मोठा प्राणी उचलायचा आणि आमच्या हॉलमधे ठेवायचा. ही मात्र एका कुटुंबाकडे तीन वर्षं होती, त्यांनी घर बदललं म्हणून आजोबांना दिली. म्हणजे पकडली गेली असेल कधीतरी, पण माझ्या पैशाने दुसरी पकडली जाणार नव्हती. ज्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी इथे वाढलेले ऑलिव्ह घ्यावेत किंवा असे दुसऱ्या घरातून आलेले शोधावेत, थोडं थांबावं लागतं पण मिळतात.

निवडताना मी अजून काय बघितलं ते सांगते. दोन्ही शिंगं पूर्ण आहेत ना, कारण त्यांच्यावरच त्याचं सगळं चालतं, नजर जवळजवळ नसल्यासारखीच. एखाद दुसरा पाय तुटलेला असला तर मी घाबरत नाही, पुढच्या कात टाकण्यांमधे परत येतो, पण पायांची लाट नीट चालली पाहिजे. ही लाट बघायला शिका, ज्वारीच्या शेतावरून वारा जातो तशी मागून पुढे लहर जाते, कुठेही अडखळत नाही. अडखळली, पाय लोंबले, तर घेऊ नका. अंगाची कडी एकमेकांत नीट बसलेली हवीत, मधे चिरा, ओला डाग, पांढरट बुरशी नको. हातात जड लागला पाहिजे, पोकळ बांगडीसारखा हलका लागला तर आतून सुकलाय. वास घ्या, लांबूनच. आणि पायांमधे बारीक पांढुरके कोळीवर्गातले किडे पळताना दिसले तर दचकू नका, आफ्रिकन मोठ्या मिलिपीडवर ते नेहमी असतात आणि बहुतेक निरुपद्रवी, पण तोंडाभोवती आणि सांध्यांमधे नुसता थर असेल तर नको. नर की मादी हे सातव्या कड्यावर कळतं, नराला तिथे चालायचे पाय नसतात, रिकामी फट दिसते. हातात घ्यायच्या दृष्टीने काही फरक पडत नाही, मादी जरा जाड असते एवढंच.

आमच्या बाईसाहेबांचं नाव काजळ. लेकीने ठेवलं.

घरी आणल्यावर पहिला आठवडा हात लावायचा नाही असा करार होता आणि लेकीने तो पाळला, रोज काचेला नाक लावून बसायची. त्यानंतर उचलायची पद्धत, यावर मी पूर्ण लेख लिहू शकेन. वरून धरायचं नाही, कारण वरून येणारं सगळं शत्रू. तळहात उताणा त्याच्या तोंडासमोर मातीवर टेकवायचा आणि मागून एका बोटाने अगदी हलकं ढकलायचं, स्वतःहून चढू द्यायचं. चढताना पायांचा स्पर्श होतो तो पहिल्यांदा विचित्र वाटतो, बारीक कंगवा उलटा फिरवल्यासारखा, मग आवडायला लागतो. पूर्ण अंगाला आधार हवा, अर्धी हातावर आणि अर्धी हवेत लोंबकळत असं नको, म्हणून मोठ्या मिलिपीडला लहान मुलाने दोन्ही हात आणि मांडी अशी जागा द्यायची. नेहमी जमिनीवर बसून, सतरंजी टाकून. उभ्याने कधीच नाही, कारण पडला तर कवच तडकतं आणि तडकलेल्या मिलिपीडचं बहुतेक वेळा काही करता येत नाही.

खाली ठेवताना सगळ्यात जास्त चुका होतात. त्याने घट्ट धरलेलं असतं आणि आपण ओढतो. ओढायचं नाही. पाय तुटतात, तो घाबरतो, आणि मग रंग. हात टबात (तिचं घर म्हणजे मातीने भरलेला टब) मातीला टेकवून ठेवायचा आणि वाट बघायची, उतरते आपली आपण. कधी पाच मिनिटं लागतात. माझा नवरा, जो सुरुवातीला दाराच्या बाहेरून बघायचा, तो एकदा वीस मिनिटं हात टबात ठेवून बसला होता कारण काजळ त्याच्या मनगटाभोवती कडं करून झोपल्यासारखी पडली होती, आणि ऑफिसचा कॉल त्याने तसाच घेतला.

हात आधीच धुतलेले पाहिजेत हे लिहायचं राहिलं. सॅनिटायझर नको, क्रीम नको, अत्तर नको. लेकीने एकदा हाताला ताजं मॉइश्चरायझर लावून घेतलं आणि काजळने शिंगं टेकवली मात्र, लगेच मागे. ती तोंडाने आणि शिंगांनीच जग ओळखते तर आपल्या हाताला चव असते तिच्यासाठी. आणि हो, हातावर शी करतात. बऱ्याचदा. गोळी असते कोरडी, मातीचाच वास, झटकली की झालं, पण आधी सांगितलेलं बरं. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तीनदा, दहा पंधरा मिनिटं, यापेक्षा जास्त नाही, कारण हातावर तिला ओलावा मिळत नाही आणि आपण कितीही प्रेमाने घेतलं तरी तिचं घर मातीत आहे.

त्या घराबद्दल थोडंच सांगते कारण ते सगळीकडे मिळतं वाचायला. पण हाताळायला शांत प्राणी हवा असेल तर टब नीट पाहिजे, हे कोणी सांगत नाही. कोरड्या, उथळ मातीत ठेवलेला मिलिपीड सतत फिरत राहतो, सतत बिथरलेला, आणि मग आपण म्हणतो हा हातात नीट राहत नाही. माती किमान त्याच्या लांबीएवढी खोल, आमच्याकडे २० सेंटीमीटर आहे. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, त्यात त्याला खायला काहीच नाही. माती हेच त्याचं ताट, कुजलेलं ओकचं लाकूड, ओक आणि बीच या झाडांचा वाळलेला पाला, चुरा करून मिसळायचा आणि वर पण जाड थर. पाइनचं काही घालू नका. वर काकडी, भोपळा, केळ्याचा तुकडा, आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस किंवा अंड्याच्या टरफलाची पूड, एवढं मोठं कवच बांधायचं तर चुना लागणारच. तापमान २२ ते २६ च्या आसपास, हीट मॅट (विजेवर ऊब देणारी चटई) लावली तर बाजूला, खाली नाही, कारण गरम झालं की तो खाली खणत जातो आणि खालीच भाजेल. हे मी आजोबांकडून ऐकलं आणि तेव्हापासून मॅट बाजूलाच.

फेब्रुवारीत काजळ गायब झाली. एक आठवडा, दोन, चार. मातीवर काही नाही, काकडी तशीच. मला रात्री झोप लागेना, दोनदा चमचा घेऊन खणायला गेले आणि दोन्ही वेळा लेकीने हात धरला, म्हणाली आई ती कात टाकत असेल, आता उकरलंस तर मरेल. तिचं बरोबर होतं. कात टाकताना ते खाली एक खोली करून बसतात, नवीन कवच मऊ असतं, तेव्हा हात लावणं म्हणजे संपलंच. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी पाल्यातून दोन शिंगं वर आली. ओरखडे गेले होते. काळीभोर, पॉलिश केल्यासारखी, आणि तिने पुढचे काही दिवस आम्हाला जवळ येऊ दिलं नाही, हात पुढे केला की वळून जायची, तर आम्हीही थांबलो. मोठा मिलिपीड हाताळायला सोपा म्हणजे केव्हाही सोपा असं नाही. गुंडाळी केली, वळून गेली, की आजचा दिवस तिचा. लेक हे शिकली ते कुठल्याही उपदेशाशिवाय आणि मी मनापासून सांगते, याचा मला जितका आनंद झाला तितका तिच्या रिपोर्ट कार्डचा पण झालेला नाही.

मधे एक गंमत म्हणून आम्ही हॉलमधे सुतळी अंथरून बघितली. २०१८ मधे इथे नॉर्थम्बरलँडच्या हाउइक किनाऱ्यावर कड्यावरून पडलेल्या एका दगडात आर्थ्रोप्ल्युराचा जीवाश्म सापडला, मिलिपीडांचा प्राचीन नातेवाईक, सुमारे ३२.६ कोटी वर्षांपूर्वीचा. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने तो जिवंत असताना अडीच मीटरपेक्षा लांब आणि ५० किलोच्या आसपास असणार. सुतळी दारापासून सोफ्यापर्यंत गेली. लेक त्याच्या शेजारी आडवी झाली आणि म्हणाली, हा आपल्याला हातात घेऊ शकला असता.

बाबांना हे सगळं सांगायला मी टाळत होते. शेतकरी माणूस, त्यांच्यासाठी वाणी म्हणजे कीड. सोयाबीन आणि कपाशी उगवून वर आली की रात्री वाण्या येतात आणि कोवळी रोपं कुरतडतात, काही वर्षी दुबार पेरणीची वेळ येते, हे मी लहानपणापासून बघितलंय, ते नुकसान खरं आहे आणि त्यात गोड काही नाही. शेवटी व्हिडिओ कॉलवर लेकीनेच काजळ कॅमेऱ्यासमोर धरली. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "काऊन वं, इथं वाण्यायनं सोयाबीन खाऊन टाकलं अन् तू तिथं पैसे देऊन आणली?" मी म्हटलं बाबा ही रोपं नाही खात, कुजलेला पाला खाते. ते म्हणाले पाला असला तर आपल्या बी वाण्या पालाच खातात, बांधावरचा पाला आपण जाळून टाकतो मग त्या शेतात येतात. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मी अजून त्या वाक्याचा विचार करतेय.

मैत्रिणीला आता एवढंच, सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन आमच्याकडे ये, काजळ त्याच्या हातावर ठेवू, त्याला ते वजन आवडतंय का बघू, मग ठरव आयव्हरी की मोठा. आणि बाबा हल्ली दर रविवारी फोनवर आधी नातीला विचारतात, खाल्लं काय तिनं. परवा म्हणाले, पळसाची पानं वाळवून ठेवू काय, लई मोठी असतात. तिने सांगितलं आजोबा इथे ओकची आहेत भरपूर. तरी त्यांनी अंगणात एक टोपली भरून ठेवलीय म्हणे, आई सांगत होती.